शेंडेनक्षत्र शोधून पोट भरतंय काय?

प्रश्न : मी पीयूसी दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला) सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. मला धूमकेतू आणि लघुग्रह शोधायचे आहेत. मामा म्हणतात, "शेंडेनक्षत्र शोधून पोट भरतंय काय? सीईटी दे, इंजिनिअर हो." अशी नोकरी असते का? दुर्बीण कुठली घेऊ?
– एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : बाळ, दुर्बीण सध्या घेऊच नकोस. मी सहा इंची आरसा हाताने घासून दुर्बीण केली होती. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळत होते, सगळं जग बघत होतं, आणि मी टिळकवाडीच्या गच्चीवर आठवडाभर छत्री धरून उभा. बेळगावचा जुलै तो! गुरू दिसला नाहीच, आरशाला बुरशी तेवढी आली. तुमच्या जांबोटीला तर पाऊस याहून जास्त.

तो धूमकेतू शोधणाऱ्यांतल्या कॅरोलिन शूमेकर शिकल्या होत्या इतिहास आणि राज्यशास्त्र. मुलं मोठी झाल्यावर, पन्नाशी उलटताना त्या या कामाला लागल्या आणि ३२ धूमकेतू त्यांच्या नावावर जमा झाले. आकाशाच्या एकाच तुकड्याच्या, थोड्या वेळाच्या अंतराने काढलेल्या दोन फिल्म स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली शेजारी ठेवायच्या. तारे सपाट दिसतात, मधल्या वेळात सरकलेला लघुग्रह त्यांच्यावर तरंगल्यासारखा दिसतो. आमची आई तांदूळ निवडायला बसायची, तसलंच बसणं. तासन् तास.

आता निवडायचं काम यंत्राकडे गेलंय. चिलीतल्या रुबिन वेधशाळेने २०२५ मध्ये सुरुवातीच्या दहाएक तासांच्या निरीक्षणांतच २,१०४ नवे लघुग्रह दाखवले. तेव्हा मामांचं अर्धं खरं आहे : नुसतं शोधायची नोकरी जवळजवळ नाही. कक्षा काढणं, प्रोग्रॅम लिहिणं, यंत्राने दाखवलेला ठिपका खरा की कॅमेऱ्याचा दोष हे ठरवणं, याला मात्र माणूस लागतो. बेळगावात फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी कर, मग एमएस्सी, मग जेस्टसारखी पीएचडीची प्रवेश परीक्षा देऊन बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था किंवा पुण्याचं आयुका हे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र. दहाएक वर्षं जातील, पण पीएचडीला विद्यावृत्ती मिळते. बंगळूरच्या याच संस्थेच्या कावलूर वेधशाळेतून राजमोहन यांनी १९८८ मध्ये लघुग्रह शोधला, त्याचं नाव ४१३० रामानुजन.

मराठी शाळेची धास्ती नको. मीही पीयूसीच्या पहिल्या सहामाहीत "रिफ्रॅक्शन म्हणजे अपवर्तनच ना?" असं शेजारच्याला हळूच विचारायचो.

आत्ता करण्यासारखं एक आहे. आयएएससी हा उपक्रम शाळा-कॉलेजांच्या गटांना हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीची चित्रं फुकट पाठवतो. चित्रं एकामागून एक लुकलुकवायची, सरकणारा ठिपका हेरायचा, 'ॲस्ट्रोमेट्रिका' या सॉफ्टवेअरवर त्याची जागा मोजून अहवाल धाडायचा. कॉलेजातल्या सरांना गट नोंदवायला सांग. कां-कू करतील, चार मैत्रिणी घेऊन जा. ठिपका सापडला की लघुग्रह लगेच आपला होत नाही, कक्षा पक्की व्हायला वर्षं लागतात. त्यानंतर नाव सुचवायचा मान शोधणाऱ्याला. धूमकेतूला शोधणाऱ्याचंच नाव लागतं, लघुग्रहाला मात्र स्वतःचं द्यायची रीत नाही. मामांचं चालेल.