टाच टेकवायला प्लास्टर: सीरियल कास्टिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा ७ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, चवड्यावरच चालतो. रोज व्यायाम करून घेते तरी टाच टेकत नाही. आता फिजिओ म्हणतात दर आठवड्याला नवीन प्लास्टर घालायचं, असं ४-५ वेळा. हाड तर मोडलेलं नाही मग प्लास्टर कशाला? आणि इतके दिवस पाय बांधून ठेवला तर आहे ती ताकद पण जाईल ना?

उत्तर : ताई, ताकदीची तुमची शंका अगदी रास्त आहे, तिच्याकडे येतेच, पण आधी प्लास्टर कशाला ते सांगते. हे प्लास्टर हाड जुळवायला नाही, पोटरीचा स्नायू लांब करायला असतं, असं एकामागून एक घालतात त्यालाच सीरियल कास्टिंग म्हणतात. सेरेब्रल पाल्सीत मेंदूकडून स्नायूंना चुकीचे आदेश येतात म्हणून पोटरी सतत आखडलेली, त्यात मुलाची हाडं उंचीबरोबर भराभर वाढतात आणि स्नायू मागे पडतो, मग तुम्ही कितीही जीव तोडून स्ट्रेचिंग केलंत तरी ओढ बसते थोडी मिनिटं आणि बाकी सगळा दिवस पाय परत खाली. यात तुमची काही कसूर नाही, हे आधी मनातून काढून टाका. प्लास्टरमधली ओढ हलकी असते पण चोवीस तास असते, आणि स्नायू बराच काळ लांब स्थितीत राहिला की हळूहळू त्या लांबीला सरावतो. आठवड्याने, कुठे दोन आठवड्यांनी प्लास्टर काढतात, स्किन बघतात, अँगल मोजतात आणि जेवढं मिळालं त्याच्या थोडं पुढे नवीन घालतात. साधारण ३ ते ६ आठवड्यांचं काम.

आता एक गोष्ट मी प्रत्येक पालकाला सांगते, प्लास्टर घालताना तिथे उभं राहून टाचेकडे बघा. चांगला फिजिओ मुलाला बहुतेक वेळा पालथं झोपवतो, गुडघा वाकवतो म्हणजे पोटरी सैल पडते, मग आधी टाच मुठीत धरून सरळ करतो आणि ती तशीच धरून ठेवून पाऊल वर आणतो. टाच न धरता नुसता चवडा वर ढकलला तर पाऊल मधूनच वाकतं. बाजूने बघितलं तर वाटतं वा, पाय वर आला, पण टाच जिथल्या तिथे आणि तळवा मधे फुगलेला, म्हणजे दुखणं सुटलं नाहीच उलट नवीन वाकडेपण आलं. म्हणून नुसतं ‘किती अंश वाढले’ विचारू नका, टाच सरळ धरून किती, गुडघा सरळ असताना किती आणि वाकवल्यावर किती, असं विचारा. पोटरीचा वरचा मोठा स्नायू गुडघ्याच्याही वरून येतो, त्यामुळे गुडघा वाकवून मिळालेला अँगल चालताना उपयोगी पडेलच असं नाही. गुडघा सरळ ठेवून पाऊल काटकोनाच्या ५-१० अंश वर आलं की बरेच जण तिथे थांबतात. लागोपाठ दोन प्लास्टरमध्ये काहीच फरक नाही पडला तर ओढत बसण्यात अर्थ नाही, मग ऑर्थोच्या डॉक्टरांशी बोलायचं. काही मुलांना आधी पोटरीत बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन देतात, ते प्रत्येकाला लागतंच असं नाही.

ताकदीचं म्हणाल तर हो, पोटरी बारीक होते आणि कमजोर पण होते, हे लपवायची गरज नाही. म्हणूनच जमेल तिथे चालतं ठेवणारं प्लास्टर घालतात, वरून खास चप्पल देतात, आणि मुलाला उभं करायचं, चालवायचं. पण मला खरी काळजी वाटते ती शेवटचं प्लास्टर निघतं त्या दिवसाची. त्या दिवशी हातात स्प्लिंट नसेल तर मिळवलेले अंश काही आठवड्यांत जायला लागतात. एएफओचं, म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणाऱ्या स्प्लिंटचं माप आधी देऊन ठेवा, किंवा शेवटचं प्लास्टर दोन भागांत कापून रात्री बांधायला ठेवता येतं का ते विचारा. पुढचे काही महिने पोटरीची आणि पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंची ताकद वाढवायचे व्यायाम, चालण्याची प्रॅक्टिस, हे सगळं आधीच ठरवून घ्या. आणि उंची झपाट्याने वाढते त्या वयात पाय परत आखडू शकतो, तेव्हा पुन्हा प्लास्टर लागलं तर पहिलं फुकट गेलं असं समजू नका.

प्रश्न : मुलगी बोलत नाही. प्लास्टर आत घट्ट होतंय हे कसं कळणार?

उत्तर : बोटांवरून. नख दाबा, पांढरं होईल, सोडल्यावर साधारण २ सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे. पहिल्या दिवशी हे सारखं बघा, नंतर सकाळ-संध्याकाळ. बोटं निळी, फिकट किंवा गार पडली, पाय उंचावर ठेवूनही सूज उतरत नाही, मूल नेहमीपेक्षा वेगळं रडतंय, झोपत नाही, आतून वास येतोय, किंवा कालपर्यंत दिसणारी बोटं आज आत गेलीत म्हणजे प्लास्टर सरकलंय, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी फोन करा, सकाळची वाट बघू नका. प्लास्टर काढून परत घालता येतं, टाचेवर जखम झाली तर मात्र सगळंच थांबतं. खाज सुटते म्हणून आत पट्टी, पेन काही घालायचं नाही.

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे, स्ट्रोक होऊन ८ महिने झाले, पाऊल खाली आणि आत वळलंय. त्यांना शुगर पण आहे. मोठ्यांना हे चालतं का?

उत्तर : चालतं, पण शुगर आहे म्हणून आधी तळव्याची संवेदना तपासून घ्या. प्लास्टर आत टोचतंय हे ज्या पायाला कळतच नाही तिथे जखम होऊन बरेच दिवस पत्ता लागत नाही. रक्तपुरवठा कमी असेल, उघडी जखम असेल, पायात रक्ताची गुठळी असेल, खूप सूज असेल तर प्लास्टर नको. घोट्याचं हाडच जाम झालंय का हेही आधी बघायला हवं, कारण प्लास्टरने स्नायू लांबतो, हाड नाही. सगळं ठीक असेल तर पहिलं प्लास्टर आठवडाभर न ठेवता २-३ दिवसांत काढून स्किन बघायला सांगा. आणि प्लास्टर असताना त्यांना एकट्याने उठू देऊ नका, पडायची भीती असते.

प्रश्न : बाळाला जन्मतः क्लबफूट आहे, म्हणजे पाऊल आत आणि खाली वळलेलं, त्याचं प्लास्टर म्हणजे हेच का?

उत्तर : हप्त्याहप्त्याने प्लास्टर बदलायची कल्पना तीच, पद्धत वेगळी. ती आयोवा विद्यापीठातल्या डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी बसवली. यात प्लास्टर मांडीपर्यंत असतं, पाऊल आधी बाहेर वळवत आणतात आणि टाच खाली आणायचं काम सगळ्यात शेवटी. साधारण ५-७ प्लास्टर लागतात, बहुतेक बाळांची टाचेमागची शीर (रक्तवाहिनी नाही, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरी) एका छोट्या छेदाने मोकळी करतात आणि त्यावर शेवटचं प्लास्टर ३ आठवडे. मग बूट-दांडीचा ब्रेस, पहिले ३ महिने दिवसाचे २३ तास, नंतर ४-५ वर्षांचं होईपर्यंत झोपेत. पाय सरळ दिसायला लागला की घरचे ब्रेस सोडतात आणि पाय परत वळायचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं. बाळ रडतंय किंवा टाच बुटातून निसटतेय तर ब्रेस बंद करू नका, दवाखान्यात नेऊन बूट नीट बसवून घ्या.