वास कुठून येतो, हे मीटर का सांगत नाही?

प्रश्न : कोपरखैरण्यातील आमच्या सात मजली इमारतीत गेला महिनाभर रात्री अकरानंतर तिसऱ्या-चौथ्या मजल्यांवरील न्हाणीघरांत कुजक्या अंड्यासारखा वास येतो. सोसायटीने हवेची गुणवत्ता दाखवणारे मीटर घेतले; ते फोडणी पडली की लाल होते, न्हाणीघरात मात्र हिरवेच राहते. काही सभासद कारखान्यांना दोष देतात, काही पाचव्या मजल्यावरील बंद सदनिकेला. सेन्सर लावून उगम शोधता येईल का?
– सोसायटीचे सचिव

उत्तर : शोधता येईल, परंतु एका मीटरने नाही. सेन्सर फक्त आपल्यापर्यंत पोहोचलेल्या हवेत काय आहे एवढेच सांगतो. ती हवा कोणत्या वाटेने आली, हे त्याला ठाऊक नसते.

आधी मीटरविषयी. स्वस्त मीटरमध्ये बहुधा तापवलेल्या टिन ऑक्साइडचा थर असतो. अल्कोहोल, तेलाची वाफ, अत्तर यांपैकी काहीही त्याला लागले की त्याचा विद्युतरोध बदलतो, त्यामुळे फोडणीला तो घाबरतो, यात नवल नाही. कुजक्या अंड्याचा वास बहुधा हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि आपल्या नाकाला तो एका पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) शंभराव्या हिश्श्याइतक्या प्रमाणातही जाणवू शकतो. कारखान्यांत कामगार खिशाला लावतात ते विद्युत-रासायनिक मीटर याच वायूसाठी असले, तरी त्यांतील अनेक एक पीपीएमच्या खाली काहीच दाखवत नाहीत. म्हणजे या पातळीवर नाकच सरस आहे. मात्र शंभर पीपीएमच्या आसपास हेच नाक बधिर होते आणि वास गेला असे वाटते, म्हणून मलटाकीत किंवा चेंबरमध्ये डोकावताना नाकावर विसंबणे जिवावर बेतते. तिथे मीटरच हवे.

आता उगमाविषयी. कारखान्यांवरचा संशय अगदी निराधार नाही, कारण औद्योगिक पट्टा तुमच्या पूर्वेला आहे आणि रात्री जमिनीवरून खाडीकडे वाहणारे वारे तिकडची हवा वस्तीकडे आणू शकतात. पण तसे असते, तर वास आधी गच्चीवर आणि पूर्वेच्या खिडक्यांत जाणवला असता, आणि तोही साधारण एकाच वेळी सगळ्या मजल्यांवर. तो दोनच मजल्यांच्या न्हाणीघरांत अडकून राहतो, याचा अर्थ डक्ट, म्हणजे न्हाणीघरांलगतची पाइपांची उभी पोकळी, तपासायला हवा. खिडक्या बंद, एक्झॉस्ट पंखा चालू, अशा स्थितीत न्हाणीघरातील दाब किंचित कमी होतो आणि डक्टमधील हवा फटींतून आत ओढली जाते. शिवाय बाहेरच्यापेक्षा उबदार असलेली डक्टमधील हवा वर चढते, त्यामुळे खालच्या मजल्यावरील गळतीचा वास वर लागतो.

तज्ज्ञ मोठ्या इमारतींत हेच गणिताने करतात. खोल्या, दारे, डक्ट यांतील वाऱ्याचे संगणकीय प्रारूप करून प्रत्येक संभाव्य उगमातून वायू कोणत्या सेन्सरला कधी पोहोचेल, हे आधी काढून ठेवतात आणि प्रत्यक्ष नोंदी कोणत्या चित्राशी जुळतात ते पाहतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके संस्थेचे कॉन्टॅम हे असे प्रारूप करण्याचे साधन आहे. तुम्हाला एवढे नको. कमी प्रमाण टिपणारी, एकाच बनावटीची तीन-चार मीटर भाड्याने मिळाल्यास ती एक रात्र शेजारी ठेवून त्यांच्यातील फरक नोंदवा, घड्याळे जुळवा, मग तळमजल्यावर डक्टपाशी, तिसऱ्या मजल्यावर आणि गच्चीवर ठेवा. कोणते मीटर आधी चढले, ते महत्त्वाचे. आकडा किती, हे दुय्यम. मीटर न मिळाल्यास रहिवाशांनी वेळ व मजला वहीत लिहिला तरी चालेल.

त्याआधी बंद सदनिकेच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे न्हाणीघरातील जाळीखालच्या, पाणी साठवून गटाराची हवा अडवणाऱ्या भागात, मालकांना सांगून पाणी ओतवा. बरेच दिवस पाणी न पडल्यास ट्रॅप आटतो आणि गटाराची हवा मोकळी वर येते. पाण्यावर चमचाभर खाद्यतेल टाकले, तर ते लवकर आटणार नाही. फटीतून हवा येते का, हे पाहण्यासाठी टिश्यू पेपरची पातळ पट्टी धरा. गॅसगळतीची शंका असल्यास उदबत्ती किंवा काडी अजिबात नको. पाणी ओतल्यानंतरही चार रात्री वहीतील नोंदी तशाच राहिल्या, तर डक्टमधील मलवाहिनीचा सांधा प्लंबरकडून तपासून घ्यावा.