पट्टी सोडून बघ

प्रिय डॉक्टर,

नाव मुद्दाम लिहीत नाही. हे पत्र तू वॉर्डातल्या बाकीच्यांना दाखवशील हे मला ठाऊक आहे. दाखवच.

परवा रात्री तू पाऊण तास बोललीस आणि त्यातला निम्मा वेळ मला आकडे सांगितलेस. ताप ९८.६. पांढऱ्या पेशी ११ हजार. सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारी रक्तचाचणी, ९०. स्कोअर ३. "सर, सगळे रिपोर्ट हातात होते, मग मला कळलं कसं नाही?" मी गप्प राहिलो. उत्तर एका वाक्याचं होतं, पण त्या रात्री ते तुझ्या तोंडावर मारणं बरं नव्हतं. आज सांगतो. तू पट्टी सोडली नाहीस.

बाई ५४ वर्षांची. सांधेदुखीवर बाजारातल्या कुणाकडून तरी पुड्या घेणारी. त्या पुड्यांत बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं हे तुला माहीत आहे, मलाही. साखर ३४०. "पाय मुरगळला" म्हणून बाहेरून क्रेप बँडेज बांधून आलेली. रात्रीचे दोन, कॅज्युअल्टी भरलेली. तू नाडी बघितलीस, रक्त काढलंस, दुखण्याचं इंजेक्शन दिलंस, ऑर्थोला कॉल लिहिलास. सकाळी राऊंडला सिस्टरने बँडेज उलगडलं तेव्हा दुसरं बोट जोडव्याखाली काळं पडलं होतं, घोट्यापर्यंत जांभळट, वर पाण्याचे फोड, आणि दाबलं की कातडीखाली कुरकुर. आधी पाय गुडघ्याखाली कापला, मग मांडीतून. तिसऱ्या दिवशी ती गेली.

तुझ्या सरांनी सगळ्यांदेखत तुला जे सुनावलं त्याबद्दल मी काही बोलणार नाही. माझ्या सरांनी मला याहून वाईट सुनावलं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. मला काळजी वेगळी आहे. तू त्या रिपोर्टांत तुझी चूक शोधते आहेस, आणि ती तिथे नाही.

आधी तो स्कोअर घे. २००४ साली सिंगापूरच्या डॉक्टरांनी तो काढला, साध्या सेल्युलायटिसमधून, म्हणजे कातडीच्या जंतुसंसर्गातून, नेक्रोटायझिंग फॅसायटिस, म्हणजे आतला पडदा कुजवत जाणारा संसर्ग, वेगळा ओळखता यावा म्हणून. सहा किंवा त्याच्या वर गेला की संशय घ्यायचा. तुझ्या पेशंटचे तीन गुण कुठून आले ते बघितलंस का? दोन तिच्या जुन्या ॲनिमियाचे, एक साखरेचा. म्हणजे तो स्कोअर तिच्या पायाबद्दल काहीच बोलत नव्हता. पाय बँडेजमध्ये होता आणि तू रक्ताला विचारत होतीस की पाय कसा आहे. स्कोअर सहाच्या आत असतानाही हा आजार निघतो, हे नंतर पुरेसं दिसलेलं आहे. स्कोअर वर गेला तर घाबरायचं. खाली राहिला म्हणून झोपायचं नाही.

आता पांढऱ्या पेशी. लाली, सूज, उष्णता, ठणका, ही चार लक्षणं आपण पहिल्या वर्षापासून घोकतो. पण ती जंतू करत नाहीत गं, आपलंच शरीर करतं. लढायला माणसं गेली की तिथे गर्दी होते, धूळ उडते. ती माणसंच गेली नाहीत तर? स्टिरॉइडवर असलेल्या माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशी उलट वाढतात, कारण त्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरून सुटून रक्तात फिरत राहतात आणि जखमेत शिरत नाहीत. रिपोर्टात गाव भरलेलं दिसतं, आणि जळणाऱ्या घरापाशी कोणी नसतं. वर साखर ३४० असली की ज्या काही पोचतात त्याही अर्धमेल्या. केमोवरच्या पेशंटची तर तऱ्हाच वेगळी. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली गेले की पू धरतच नाही. सुरुवातीला नुसता एक लालसर डाग, मग मध्ये जांभळा, मग विडीचा चटका बसावा तसा काळा. याला म्हणतात एक्थायमा गँग्रिनोसम. जंतू बहुतेक वेळा स्यूडोमोनास असतो. आणि तो डाग कुठे येतो? जांघेत, काखेत, कुल्ह्यांवर, म्हणजे जिथली चादर बाजूला करायला आपल्याला लाज वाटते तिथे.

म्हणून म्हणतो, ज्याची प्रतिकारशक्ती पडलेली आहे त्याचं शरीर ओरडत नाही. ते ओरडेल याची वाट बघू नकोस. पट्टी सोडून बघ.

मला हे सांगायचा काय अधिकार? सांगतो. १९९३ ची दिवाळी. मी नुकताच लेक्चरर झालो होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. एसटीतले एक कंडक्टर, दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेणारे, कुल्ह्यावर कुठेतरी बाहेर घेतलेल्या इंजेक्शनची जागा दुखते म्हणून भरती. वर चौकोनी ड्रेसिंग. सकाळी त्यांनी विचारलं, "साहेब, उघडून बघता का जरा? आतून लई दुखतंय." मी ड्रेसिंगवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "कोरडं आहे, उगाच कशाला उघडायचं." लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पुन्हा विचारलं. सिस्टरनेही सांगितलं, "सर, ड्रेसिंग कोरडंच आहे." घरी पाहुणे येऊन बसले होते. मी केसपेपरवर लिहिलं, ड्रेसिंग कोरडं. माझ्याच अक्षरात.

पाडव्याच्या सकाळी उघडलं तेव्हा कातडी जवळपास चांगली होती, तळहाताएवढा राखाडी पट्टा सोडला तर. चिरा दिला आणि बोट आत घातलं तर ते अडलंच नाही. कंबरेपर्यंत सरळ गेलं. आतला पडदा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा, रक्त नाही, पू नाही, भांडी विसळलेल्या पाण्यासारखं काहीतरी पाझरत होतं. त्यांच्यावर चार वेळा डिब्राइडमेंट केली, म्हणजे मेलेला भाग कापून काढला. अकराव्या दिवशी ते गेले. मृत्यूचं कारण मी सेप्टिसेमिया लिहिलं, आणि ते खरंही होतं. "उगाच कशाला" हे लिहायला त्या फॉर्मवर रकाना नव्हता.

तेव्हापासून मी उघडतो. सगळं उघडतो. त्यापायी माझी जी ख्याती झाली ती तुझ्या कानावर आलीच असेल. एका मोठ्या रुग्णालयात मी दुसऱ्या सर्जनने लावलेल्या स्किन ग्राफ्टची, म्हणजे दुसरीकडून काढून लावलेल्या कातडीची, पट्टी तिसऱ्या दिवशी सोडली, पाच दिवस हात लावू नका असं ठळक अक्षरात लिहिलेलं असताना. पेशंट डायबेटिक, नाडी ११०, कारण सापडत नव्हतं. आत काहीच नव्हतं. ग्राफ्ट मात्र सरकला आणि पुन्हा करावा लागला. कारण निघालं लघवीतल्या जंतुसंसर्गाचं. त्या सर्जनने महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं आणि माझ्याबद्दल लेखी तक्रार गेली. मी आजही म्हणतो, मी उघडलंच असतं. ग्राफ्ट पुन्हा लावता येतो. असो. हा वाद मी तुझ्याशी कशाला घालतोय? तू ती तक्रार केली नव्हतीस.

तू म्हणालीस, "रात्री दोन वाजता प्रत्येकाची पट्टी सोडायला माणसं कुठे आहेत?" हे बरोबर आहे आणि यावर मला राग येतो, तुझ्यावर नाही. एका रेसिडेंटवर साठ पेशंट टाकायचे आणि मग सकाळी तिला फाडून खायचं. पण बाळा, क्रेप बँडेज उलगडायला दीड मिनिट लागतं. तू तो स्कोअर मोबाईलवर काढलास त्याला जास्त वेळ लागला असेल. वॉर्डातल्या मामांना बँडेज धरायला सांग, मावशींना दिवा धरायला सांग. सोडताना कण्हण्याकडे लक्ष दे. तिने सांगितलं होतं ना, पोटरी दुखतेय? ज्या पायाला वर्षानुवर्षं संवेदना नाही तो पाय एकाएकी दुखतो म्हणाला की खोलवर काहीतरी पेटलं आहे असं धर. तू त्या दुखण्यावर इंजेक्शन दिलंस. त्या दुखण्यानेच तर तुला हाक मारली होती.

बधिर पाय काय असतो ते मी पालखीच्या वाटेवर शिकलो. आळंदी ते पंढरपूर वाटेत आमचा पाय-तपासणीचा तंबू असायचा. साखरेचे जुने पेशंट, अनवाणी, अभंग म्हणत रांगेत बसलेले. एका आजोबांच्या टाचेत बाभळीचा काटा निघाला, पेराएवढा. कधी गेला विचारलं तर म्हणाले, "काटा? कुठला काटा?" त्यांना तो काढलेलाही कळला नाही. शेजारचे दुसरे एक, थंडीत पायांना गरम पाण्याच्या पिशवीचा शेक घेऊन दोन्ही तळवे भाजून घेतलेले. घरी झोपेत उंदराने अंगठा कुरतडलेलेही बघितले. तू १० ग्रॅमच्या त्या नायलॉनच्या दोऱ्याने तळवा दाबून संवेदना बघायला शिकली आहेस ना? तो खिशात ठेव. आणि चपलही उलटी करून बघ, खिळा वर आलेला सापडतो. बोटांच्या बेचक्या फाकवून बघ. तळवा बघ, आणि झोपलेल्याची टाच उचलून बघ.

जोडवी काढ. सुजलेल्या बोटात रुतलेलं जोडवं म्हणजे बांधलेला दोरा. साबणाने निघालं नाही तर बोटाला टोकाकडून दोरा घट्ट गुंडाळत वर ये, त्याचं टोक जोडव्याखालून घाल आणि तिकडून उलगडत जा, जोडवं पुढे सरकतं. तेही जमलं नाही, किंवा बोट आधीच काळं दिसलं, तर सरळ कापून काढ. बायका नाही म्हणतात, सवाष्णीचं आहे म्हणतात. मी "सोनाराकडून परत सांधून घ्या" असं सांगत कात्री चालवलेली आहे.

लाली दिसली तर तिच्या कडेने पेनने रेघ मार आणि वर वेळ लिही. तासाभराने परत ये. रेघ ओलांडली असेल तर रेडिओलॉजीचा नंबर लागेपर्यंत थांबू नकोस, सीनियरला उठव. तो चिडेल. चिडू दे. दोन सेंटीमीटरचा छेद, फॅशियापर्यंत, म्हणजे स्नायूंवरच्या पडद्यापर्यंत, आणि बोट. बोट अडलं आणि रक्त आलं तर एक टाका वाया गेला, एवढंच. मला लोक कसाई म्हणाले ते या दोन सेंटीमीटरवरून.

२०२१ चा मे आठव. तू तेव्हा इंटर्न असशील. डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, ऑक्सिजन लागणाऱ्यांना, जास्तीत जास्त १० दिवस, एवढंच त्या मोठ्या चाचणीने सांगितलं होतं. आपल्याकडे लोकांनी ते पहिल्या शिंकेपासून घेतलं, साखर न मोजता. मग म्युकर आला, ती काळी बुरशी. २० मे च्या सुमारास केंद्राने तो साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितला, अँफोटेरिसिन या त्यावरच्या औषधासाठी नातेवाईक वणवण फिरत होते. मी निवृत्त होतो, तरी हाताखाली माणूस नाही म्हणून बोलावलं. गाल बधिर झालाय, दात हलतोय, अशा तक्रारी कितीजणांच्या कागदावर चार-चार दिवस लिहिलेल्या होत्या, आणि कोणीही मास्क खाली करून "आ करा" म्हटलेलं नव्हतं. टॉर्च मारला की टाळूवर काळा डाग. भीती होती, कबूल. मीही दोन हात लांबून बघितलं आहे एकदोनदा. पण मास्कसुद्धा पट्टीच असते.

आणि पुरुषांचं धोतर, पँट, लुंगी हीही. पॅरिसच्या फुर्नियेने १८८३ मध्ये गुप्तांगाच्या गँग्रीनचे जे तरुण धडधाकट पुरुष वर्णिले ते तसे आता क्वचितच येतात. आता येतो तो साखरेचा, दारूचा, पन्नाशीचा गृहस्थ, "पोटात खाली दुखतंय" म्हणत. कुठे खाली ते लाजेने सांगत नाही. तू मुलगी आहेस म्हणून तर मुळीच सांगणार नाही. तरी पडदा ओढ, मामांना उभं कर आणि बघ. तोवर तिथलं अर्धं कातडं मेलेलं असतं.

सर्जरी सोडायची म्हणालीस. सोड, माझी हरकत नाही. पण मेडिसिनला गेलीस तरी डायबेटिकचा पाय येईल, ऑन्कोलॉजीत गेलीस तर न्यूट्रोफिल घटलेल्याचा डाग, त्वचारोगात गेलीस तर दोन्ही. यापासून पळायला जागा नाही. आणि त्या बाईबद्दल एक गोष्ट, जी तुझे सर सांगणार नाहीत. रात्री दोनला पट्टी सोडली असतीस तरी पाय गेलाच असता. जीव? मी सांगू शकत नाही. कंडक्टरांचंही मी आजवर सांगू शकलेलो नाही.

आता थांबतो. मला स्वतःला साखर निघून नऊ वर्षं झाली, आणि रोज रात्री ही माझे तळवे आरसा धरून बघते. मी बघू देतो, कारण नाही म्हणायची सोय नाही. पण परवापासून डाव्या टाचेला एक भेग पडली आहे, आणि दोन दिवस मी "थंडी वाजतेय" म्हणून मोजे घालूनच झोपतोय. आत्ता ती दिवा घेऊन दारात उभी आहे आणि विचारतेय, मोजे काढताय की मी काढू?

तुझा,
सर