बारा देव ठरलेत, पण धर्म काही उभा राहत नाहीये

प्रश्न: मी एक फँटसी कादंबरी लिहितोय. त्यात नदीकाठचं एक राज्य आहे आणि त्यांचा अनेक देवांचा धर्म मी स्वतः बनवलाय. आग, पाणी, वारा, युद्ध, मृत्यू असे बारा देव, प्रत्येकाचा रंग, शस्त्र, वाहन सगळं ठरलंय, आदिमातेनं अंडं फोडून जग बाहेर काढलं अशी उत्पत्तीची कथापण आहे. तरी वाचणारे म्हणतात हा नुसता तक्ता वाटतो. काय करू?

उत्तर: तुमच्या देवांची खाती वाटून झालीत, पण त्यांच्या दारात कोण जातं आणि काय मागतं हे कुठंच आलेलं नाही. तिथून सुरुवात करा. लोक कशाला घाबरतात ते आधी धरा. प्राचीन रोमन लोकांकडे गव्हावर पडणाऱ्या तांबेऱ्याचा वेगळा देव होता, रोबिगस, 25 एप्रिलला त्याचा सण, कुत्र्याचा बळी द्यायचे आणि मागणं एवढंच की बाबा, पिकाला हात लावू नकोस. एका दाराला तर त्यांच्याकडे तिघं, दाराच्या फळीला फोर्क्युलस, बिजागरीला कार्डिया आणि उंबरठ्याला लिमेंटिनस! मला ही बारीकसारीक गोष्टी जपणारी श्रद्धा फार आवडते, कारण तिच्यात रोजचं जगणं दिसतं.

आता तुमची नदी घ्या. तिला पूर येत असणारच, मग सरसकट पाण्याचा देव कशाला, गाळाची देवी करा, समजा तिचं नाव ओरुमा. पूर ओसरला की शेतांच्या हद्दी गाळाखाली गेलेल्या असतात, म्हणून बांधाच्या भांडणात शपथ तिचीच घ्यायची, तिचं ठाणं देवळात नसून मोजणीच्या दोऱ्या ठेवतात त्या कोठीत, आणि नवस फेडायचा म्हणजे आपल्या शेतातला ओंजळभर गाळ शेजाऱ्याच्या शेतात नेऊन टाकायचा. वाहन आणि शस्त्र नंतर सुचेल, नाही सुचलं तरी चालतंय.

उत्पत्तीची कथा एकच ठेवू नका. इजिप्तमध्ये हेलिओपोलिसला सांगायचे की आदिजलातून अतुम देव वर आला, मेम्फिसला म्हणायचे की प्ताह देवानं मनात आणलं, उच्चारलं आणि जग झालं, हर्मोपोलिसला आठ आदिदेव, आणि या सगळ्या कथा शेजारी शेजारी नांदल्या. ज्याच्या शहराची सत्ता वाढली त्याचा देव मोठा झाला. मार्दुक आधी बॅबिलॉनचा स्थानिक देव, शहर बलाढ्य झालं तसा तो देवांचा राजा झाला, इजिप्तमधलं थेब्स शहर वर आल्यावर तिथला अमुन सूर्यदेव रा याच्याशी एक होऊन अमुन-रा झाला. तुमची अंड्याची कथा राजधानीच्या पुजाऱ्यांना देऊन टाका, वरच्या खोऱ्यातले लोक छातीठोकपणे सांगू देत की अंडं आमच्या डोंगरात होतं, तुम्ही ते पळवलंत. कोण खरं हे लेखकानं सांगायचं नाही.

प्रश्न: माझ्या कथेत हे राज्य शेजारचं शहर जिंकतं. हरलेल्यांच्या देवांचं काय करायचं? मूर्ती फोडल्या असं दाखवू का?

उत्तर: फोडण्यापेक्षा बोलावून घ्या, अनेक देव मानणाऱ्यांना एक देव वाढला तर जड जात नाही. रोमन परंपरेप्रमाणे इ.स.पू. 396 मध्ये त्यांनी वेई शहर घेतलं तेव्हा तिथल्या जुनो देवीला न्यायला निवडक तरुण पाठवले, त्यांनी अंघोळ केली, पांढरे कपडे घातले आणि देवळात शिरल्यावर मूर्तीला हात लावायला बिचकत होते, कारण तो हक्क एका घराण्याच्या पुजाऱ्याचाच. मग एकानं विचारलं, जुनो, रोमला येतेस का? बाकीचे ओरडले, मान हलवली, देवीनं मान हलवली! रोममध्ये ॲव्हेंटाइन टेकडीवर तिला देऊळ मिळालं.

हा प्रसंग तुमच्या कथेत हरलेल्यांच्या बाजूनं लिहा. पिढ्यानपिढ्या मूर्तीला हात लावायचा मान ज्या घराण्याचा, तो पुजारी त्या वेळी देवळातच उभा असला तर तो काय म्हणेल? देवीनं मान हलवलेली त्यानं पाहिली का? आणि पाहिली असली तर तो तिच्यामागून शत्रूच्या शहरात जाईल का, की रिकाम्या चौथऱ्यासमोर रोजचा दिवा लावत राहील? दोन्ही झालं तर आणखी चांगलं, एक भाऊ गेला आणि एक राहिला, आणि दोन पिढ्यांनी दोन्हीकडचे पुजारी सांगतायत की खरी देवी आमच्याकडेच.