तीसपैकी तीस, तरी लाइटबिल राहतंच

ताई, तुमच्या नवऱ्याची हंटिंग्टनची, म्हणजे मेंदूच्या त्या आनुवंशिक आजाराची, जनुकीय तपासणी पॉझिटिव्ह, सीएजी ४३ (जनुकातला हा तुकडा इतक्या वेळा आलेला), हातापायांच्या हालचाली अजून ठीक, एमएमएसई या आठवण-भान तपासणाऱ्या छोट्या चाचणीत ३० पैकी ३०. तरी लाइटबिल राहतं, बँकेचं काम अर्धवट पडतं, आणि डॉक्टर म्हणतात तुम्हीच ताण घेताय. तुम्हाला भास होत नाहीये. माझ्या दिरांच्या वेळी याच ३० गुणांवर विसंबून आमची दोन वर्षं गेली.

एमएमएसई १९७५ची. तारीख, ठिकाण, तीन शब्द, शंभरातून सात वजा करत जाणं, पंचकोनांची नक्कल. हंटिंग्टनमध्ये सुरुवातीला हे सगळं बहुधा शाबूत असतं. आठवणही असते, थोडा धागा दिला की नेमकं सांगतात. आधी जातो तो उरक. काम आखणं, एकातून दुसऱ्यात शिरणं, दोन गोष्टी एकदम सांभाळणं जड जातं. ३० गुणांच्या त्या कागदावर उरक कुठेच मोजलेला नाही.

म्हणून क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे वेगाच्या चाचण्या मागा. सिम्बॉल डिजिट चाचणीत वर नऊ चिन्हं आणि त्यांचे आकडे दिलेले असतात. ते बघून ९० सेकंदांत खालच्या जास्तीत जास्त चिन्हांचे आकडे भरायचे. हात थोडा जड वाटत असेल तर तोंडी घ्यायला सांगा, नाहीतर बोटांचा दोष मेंदूच्या माथी लागतो. २०२२मध्ये संशोधनासाठी या आजाराचे ० ते ३ असे टप्पे आखले, त्यात टप्पा २ ची खूण म्हणून हालचालींच्या गुणांबरोबर हीच चाचणी घेतली आहे. जोडीला स्ट्रूप: निळ्या शाईत 'लाल' लिहिलेलं असतं, सांगायचा शाईचा रंग. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेची २००४ची चाचणीमाला वापरणारे कोणी मिळाले तर उत्तम, तिच्यात वय आणि शिक्षणानुसार भारतीय सरासऱ्या आहेत.

भाषेचं मात्र आधीच ठरवून घ्या. 'एका अक्षराने सुरू होणारे शब्द सांगा' हा प्रकार इंग्रजीत सोपा. मराठीत 'क' म्हटल्यावर काकडी आणि किल्ली चालणार का? दिरांना पहिल्या वेळी चालली, दुसऱ्या वेळी नाही, आणि आम्ही आठवडाभर उगाच रडलो. नियम लिहून घ्या.

पहिल्या वेळचे गुण हे निकाल नव्हेत, ती फक्त मोजपट्टीची सुरुवात. वर्षभराने त्याच चाचण्या, त्याच भाषेत, शक्यतो सकाळीच. सरावाने गुण थोडे वाढायला हवेत. तेवढेच राहिले तर 'स्थिर आहे' म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका, विचारा. झोप, उदासी, चालू गोळ्या यांची नोंद द्या. उदासी या आजारात पुष्कळ असते, तीही वेग ओढते, आणि तिच्यावर औषध आहे.

तुमचं म्हणणं वेगळ्या खोलीत ऐकायला सांगा. त्यांना स्वतःतला बदल खरंच दिसत नसेल. ते खोटं बोलत नाहीत, हा आजाराचाच भाग. आमच्या जाऊबाई हे समजेपर्यंत रोज भांडत होत्या.

आणि घरी या चाचण्यांचा सराव घेऊ नका, पुढची मोजणी बिघडते. जाताना वाचायचा चष्मा घ्या. दिरांचा घरी राहिला होता, पहिली मोजणी पूर्ण वाया गेली.