'ते' म्हणजे नेमके कोण?

नाशिक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या भाषणाचा मसुदा दोनदा वाचला. धर्म, सहिष्णुता आणि कट्टरता हा विषय वादविवाद स्पर्धेसाठी तू आपणहून निवडलास, याचा मला आनंद आहे. मात्र पहिल्या दोन पानांत 'ते' हे सर्वनाम अकरा वेळा आले असून प्रत्येक ठिकाणी मी लाल पेन्सिलीने खूण केली आहे. 'ते सुधारणा होऊ देत नाहीत', 'ते दहशतवादाचा निषेध करत नाहीत', या वाक्यांचा कर्ता कोण? सगळे मुसलमान, एखादी संघटना, एखादा मौलवी, की हातात बंदूक घेतलेला माणूस?

सुधारणेबद्दल लिहिताना तू हमीद दलवाईंना विसरलास. चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेल्या या माणसाने 1966 साली तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला आणि 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यांना स्वतःच्या समाजातून कडवा विरोध झाला, तोही सांग, लपवू नकोस. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2017 रोजी एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला, तेव्हा दाद मागायला गेलेल्या स्त्रियाही मुस्लिमच होत्या. तुझ्या एका 'ते'ने त्या सगळ्या पुसल्या गेल्या.

निषेधाचेही तसेच. 2008 च्या मुंबई हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना दफनासाठी जागा देण्यास बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी साफ नकार दिला होता.

आता आपल्याच जिल्ह्यातले मालेगाव घे. 2006 मध्ये शब-ए-बारातच्या दिवशी कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, नऊ मुस्लिम तरुणांवर आरोप ठेवले गेले आणि 2016 मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. 2008 च्या स्फोटाच्या खटल्यातले सातही आरोपी हिंदू होते. 31 जुलै 2025 रोजी ते निर्दोष सुटले. निकाल लागण्याच्या कितीतरी आधी लोकांनी दोन्ही वेळा अख्ख्या समाजांना पिंजऱ्यात उभे केले होते. 2006 साली शिक्षकांच्या खोलीत मीही 'ते' म्हणूनच बोललो होतो, त्याची खंत आजही वाटते.

याचा अर्थ टीका बोथट कर, असा मुळीच घेऊ नकोस. अफगाणिस्तानात मुलींच्या माध्यमिक शाळा तालिबानने बंद केल्या, तर 'तालिबानने' असेच ठणकावून लिही, आणि त्यासाठी ते धर्माचा आधार सांगतात, हेही लिही. कोणाच्या भावना दुखावतील म्हणून हे वाक्य गाळलेस, तर त्या मुलींवर अन्याय होईल. कर्ता नेमका असला की शब्द कितीही कठोर चालतात.

भाषण पाठ करण्याआधी दूध बाजारात राहणाऱ्या तुझ्या मुस्लिम वर्गमित्राला ते समोर बसवून पूर्ण वाचून दाखव. ज्या वाक्यापाशी तुझा आवाज आपोआप खाली येईल, तिथे खूण कर आणि रविवारी ती पाने घेऊन ये.

तुझा,
सर