रिअ‍ॅक्टर रुसला कशामुळे?

प्रश्न: हॅनफर्डचा पहिला प्लुटोनियम रिअ‍ॅक्टर (अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम बनवणारी अणुभट्टी) सुरू होताच बंद पडला होता म्हणे, खरंय का?

उत्तर: अगदी खरंय! सप्टेंबर १९४४, अमेरिकेतला कोलंबिया नदीकाठचा बी रिअ‍ॅक्टर, भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी स्वतः हजर, सगळं झकास चाललेलं आणि काही तासांत पॉवर उतरायला लागली, कंट्रोल रॉड (न्यूट्रॉन शोषून भट्टीला लगाम घालणाऱ्या कांड्या) बाहेर ओढले तरी उतरतच गेली, शेवटी ठप्प, आणि मग काही तासांनी आपोआप परत चालू. आधी पाणी गळतंय असं वाटलं. भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलरनी मात्र बरोबर ओळखलं, हा झेनॉन-१३५, अणू फुटताना भट्टीतच तयार होणारा वायू, भट्टी ज्यांच्यावर चालते ते न्यूट्रॉन अक्षरशः गिळतो, पण साधारण ९ तासांत निम्मा होतो, म्हणून भट्टी परत चालू झाली. नशीब, भट्टी बांधणाऱ्या ड्यूपाँट कंपनीच्या इंजिनिअरांनी युरेनियमसाठी १५०० ऐवजी २००४ नळ्या ठेवलेल्या (तेव्हा शास्त्रज्ञ कुरकुरले होते बरं का), त्या जादा नळ्यांत युरेनियम भरून, गिळलेल्या न्यूट्रॉनची भरपाई करून काम निभावलं.